मोडूची पहिली दवाखानावारी

पाडव्याला आईला घेऊन मी बुऱ्हाणपूरला अक्काकडे गेले होते. बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने भुसावळ आणि तिथून पुढे तासाभराची दुसरी गाडी. आईने पिशवीत कडुलिंबाचा मोहोर आणि गूळ बांधून घेतला होता. पाडवा काय, सगळीकडे होतो. पण बेवु-बेल्ल तोंडात पडल्याशिवाय युगादी झाली असं तिला वाटत नाही. अक्काचं सासर बुऱ्हाणपूरचंच. घरात मराठी, बाजारात हिंदी, शेजारी गुजराती, आणि आम्ही गेलो की कानडी. भाचीला या चारही भाषा थोड्या थोड्या येतात, आणि चारही भाषांत ती हट्ट करू शकते.

त्या हट्टाचं फळ आतल्या खोलीत, एसीखाली, मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यात बसलं होतं. राखाडी, गुबगुबीत, मोठाल्या कानांचं, मिशाळ. आईने चष्मा लावून वाकून पाहिलं आणि निर्णय दिला, "इलि." मग जरा निरखून, "इल्ल, मोला." तेवढ्यात त्याने पाठ फिरवली आणि झुपकेदार शेपटी दिसली, तेव्हा "अळिलु इरबेकु" असं म्हणून ती खुर्चीवर टेकली. उंदीर, ससा, खार अशी तिन्ही नावं दोन मिनिटांत घेऊन झाली. भाची म्हणाली, "अज्जी, हा चिंचिला आहे." आईला त्यातली चिंच तेवढी कळली.

त्याचं नाव 'मोडू'. मागच्या खेपेला अज्जीने आभाळाकडे बोट दाखवून ढगाला कानडीत 'मोड' म्हणतात असं शिकवलं होतं. ते भाचीने लक्षात ठेवलं आणि ढगासारख्या या प्राण्याला चिकटवलं. शेजारच्या काकूंना मात्र हे नाव अजून पटलेलं नाही. "काय मोडू, काय मोडू? काही मोडलं का?" असं त्या दर वेळी विचारतात.

मुंबईच्या एका ओळखीच्या घरी पाळणं जमेना म्हणून दाजींनी तो दिवाळीत आणला होता. दिवाळीत बुऱ्हाणपूरची हवा छान असते. पाडव्याला ती तशी नसते, आणि वैशाखात पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो. आईने एकदा खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, एकदा पिंजऱ्याकडे, आणि दाजींना सरळ विचारलं, "ई बिसलाग इदन्न याक तंदीरि?" दाजींना कानडी येत नाही. अक्काने भाषांतर केलं, "आई म्हणते, गोड आहे."

पण आईचा प्रश्न चुकीचा नव्हता. चिंचिला मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा, चिलीतल्या कोरड्या, थंड, खडकाळ उतारांवरचा. त्याच्या अंगावर एकेका मुळातून पन्नासाहून अधिक केस उगवतात. एवढी दाट लोकर दुसऱ्या कुठल्या जमिनीवरच्या प्राण्याला क्वचितच असेल, आणि तीच त्याच्या जिवावर उठली. कोटांसाठी इतकी शिकार झाली की रानातले चिंचिले संपत आले. १९२३ साली मॅथियास चॅपमन नावाच्या एका अमेरिकन खाण अभियंत्याने अकरा-बारा चिंचिले चिलीतून कॅलिफोर्नियाला नेले. डोंगरावरून त्यांना हळूहळू, महिनोन् महिने मुक्काम करत खाली उतरवलं आणि जहाजावर उष्म्याने मरू नयेत म्हणून बर्फाची सोय केली, असं सांगतात. आज जगभर घरोघरी असलेले बहुतेक चिंचिले याच मोजक्या जनावरांचे वंशज आहेत. आपल्या देशाने २०१७ मध्ये चिंचिलाच्या कातड्याची आयात बंद केली, हे जाता जाता सांगून ठेवते.

आता एवढी काळजी घेऊन आणलेल्या जनावराला पंचवीस अंशांच्या वरचं तापमान सोसत नाही. अंगाला घाम येत नाही, लोकर काढून ठेवता येत नाही. बुऱ्हाणपुरात घरोघरी वाळ्याच्या ताट्यांचे कूलर असतात, पण ते याच्या कामाचे नाहीत. कूलर हवेत ओल सोडतो आणि ओलीने ही दाट लोकर कुजकट होते, कातडीला बुरशी धरते. म्हणून एसी, आणि तोही अखंड. वीज गेली की अक्का फरशीचे तुकडे फ्रिजमधून काढून पिंजऱ्यात ठेवते आणि मोडू त्यावर पोट टेकून पसरतो. रात्री दोन वाजता वीज गेली तरी अक्का उठते. स्वतःच्या मुलीसाठी ती इतकी उठली नसेल, असं दाजी म्हणतात. मला विचाराल तर बुऱ्हाणपूर, जळगाव किंवा आपल्याकडचं रायबाग-अथणी, असल्या उन्हाच्या गावात हा प्राणी मुळात आणूच नये. पण आणलेला आहे, जीव लावलेला आहे, आणि हा जीव पंधरा-वीस वर्षं जगू शकतो. आता त्याचं नीट करायलाच हवं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भाचीने मला हळूच पिंजऱ्याजवळ नेलं. "मावशी, याची हनुवटी ओली असते. आईला सांगू नको, ती घाबरेल." मी हात लावून पाहिलं. हनुवटीखालची लोकर चिकट, गुठळ्या झालेली होती. खाली वाळलेलं गवत तसंच पडून होतं, मऊ गोळ्या मात्र खाल्लेल्या होत्या. लेंड्याही पूर्वीपेक्षा बारीक आणि कमी. भाचीच्या वहीत वजनं लिहिलेली होती, कारण बाकी काही असो, ही मुलगी हिशेबाला पक्की. स्वयंपाकघरातल्या काट्यावर डबा ठेवून त्यात मोडूला बसवून ती दर रविवारी वजन घेते. ५१२ ग्रॅम, ५०६, ४९१, ४७३. मोठ्या चिंचिलाचं वजन साधारण ४०० ते ६०० ग्रॅम असतं, त्यामुळे ४७३ हा आकडा एकटा पाहिला तर ठीकच वाटतो. पण महिन्याभरात ओळीने उतरत गेलेला आकडा ठीक नसतो. आईला सांगायलाच लागलं.

तोपर्यंत मोडू कधी डॉक्टरांकडे गेलाच नव्हता. आपल्या मनात जनावरांचा दवाखाना म्हणजे म्हैस अडली, शेळीला पोटफुगी झाली, कुत्र्याला इंजेक्शन द्यायचं म्हणून जायची जागा. आई तर अजून 'दनद दवाखानि' म्हणते. चिंचिलाला कुत्र्यासारखी दरवर्षीची लस लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं की डॉक्टरही लागत नाही. खरं म्हणजे आणल्यानंतर आठ-पंधरा दिवसांत, तो धडधाकट असतानाच, एकदा दाखवून आणायला हवं होतं. निरोगी असताना दात कसे होते, वजन किती होतं, हे डॉक्टरांच्या कागदावर असलं की पुढे तुलना करता येते. अक्काला हे माहीत नव्हतं. मलाही तेव्हा नव्हतंच.

मग सुरू झाली तयारी, आणि पहिलीच पायरी चुकली. दाजींनी एका दवाखान्यात फोन केला. फोन उचलणाऱ्याने प्राणी कोणता हे पुरतं न ऐकताच सांगितलं, "रात्रीपासून उपाशी ठेवा, रिकाम्या पोटी आणा." कुत्र्या-मांजरांना भूल द्यायची असेल तर असं सांगतात. चिंचिलाला उपाशी ठेवणं मात्र धोक्याचं. त्याला ओकारी होतच नाही, त्यामुळे त्या भीतीचं कारण नाही. उलट त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. काही तास पोटात काही गेलं नाही की आतडं मंदावतं, गॅस धरतो आणि मूळ दुखणं बाजूला राहून तेच जिवावर बेततं. ससा आणि गिनीपिग यांचंही तसंच. म्हणून दवाखान्याच्या वाटेवरसुद्धा त्याच्या पुढ्यात गवत असलं पाहिजे.

दुसऱ्या फोनवर एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं, "ताई, ससे मी पाहते, गिनीपिगही पाहिलेत. चिंचिला माझ्याकडे अजून आलेला नाही. तुम्ही परवा आणा, तोवर मी वाचून ठेवते, महूला माझे सर आहेत त्यांनाही विचारते." महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासूनचं, मध्य प्रदेशातले कितीतरी पशुवैद्य तिथलेच. मला बाईंचं हे बोलणं फार आवडलं. 'येत नाही' म्हणणारा डॉक्टर, 'सगळं येतं' म्हणणाऱ्यापेक्षा बरा. आपल्या भागातल्या कुणाकडे असा प्राणी असेल, तर बेंगळुरूला हेब्बाळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईला परळचं आहे. पण कुठेही जाण्याआधी फोनवर एकच प्रश्न विचारावा: चिंचिला किंवा त्याच्यासारखे छोटे प्राणी तुमच्याकडे तपासतात का? तीनशे मैल उन्हात नेऊन 'आम्ही हे बघत नाही' ऐकण्यापेक्षा ते बरं.

वेळ ठरवली सकाळी साडेसातची. चिंचिला संध्याकाळी आणि रात्री जागणारा प्राणी आहे, म्हणजे सकाळची त्याची झोपेची वेळ. पण ऊन आणि झोप यात झोप मोडलेली परवडली. दुपारी बुऱ्हाणपुरात गाडी उभी करून पाच मिनिटं कुणी औषधाच्या दुकानात गेलं, तर आतल्या चिंचिलाचं काय होईल ते सांगायला नको. कान लालबुंद होतात, तोंडातून लाळ गळते, धाप लागते, मग तो आडवा पडतो. असं दिसलं तर बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही, त्याने धक्का बसतो. सावलीत, थंड फरशीवर ठेवून कानांना गार पाण्याचं फडकं लावत थेट डॉक्टर गाठायचे.

पिंजरा कसा न्यायचा यावर घरात बराच खल झाला. आईचं म्हणणं, वेताची परडी घ्या, वर फडकं बांधा. दाजी म्हणाले, पुठ्ठ्याचं खोकं. दोन्ही चिंचिला वीस मिनिटांत कुरतडून बाहेर येईल. शेवटी शेजाऱ्यांचं मांजराचं प्लास्टिकचं कडक खोकं मागून आणलं, जाळीच्या दाराचं. मांजराचा वास जाईपर्यंत ते धुतलं आणि उन्हात वाळवलं. तळाला मोडूच्याच पिंजऱ्यातलं वापरलेलं अंथरूण घातलं. नवं, स्वच्छ घालावंसं वाटतं, पण ओळखीचा वास असला की तो कमी घाबरतो. मूठभर वाळलेलं गवत आणि दाराला लावलेली पाण्याची बाटली. पाण्याची एक बाटली रात्री फ्रीजरमध्ये गोठवली, जाड पंचात गुंडाळली आणि खोक्याला बाहेरून टेकवून बांधली. दोन दिवस आधीपासून खोकं उघडं ठेवून त्यात त्याचा आवडता सफरचंदाच्या झाडाचा काटकीचा तुकडा टाकला होता. पहिल्या रात्री तो दारातूनच परतला. दुसऱ्या रात्री आत जाऊन बसला.

बरोबर न्यायची वस्तूंची यादी भाचीने केली. वजनाची वही. सकाळच्या ताज्या लेंड्या एका स्वच्छ डबीत. हे वाचून आईने नाक मुरडलं, पण डॉक्टरीणबाईंना नंतर त्याचाच सर्वांत उपयोग झाला. लेंड्यांचा आकार आणि संख्या यावरून पोटाचं कळतं, आणि जंतूंची तपासणीही होते. खाण्याच्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो, पिंजऱ्याचा फोटो आणि मोबाइलवर काढलेली दीड मिनिटाची चित्रफीत: मोडू गवताची काडी तोंडात घेतो, चावायला जातो आणि टाकून देतो. दवाखान्यात घाबरलेलं जनावर काही खात नाही, तिथे ते दाखवता येत नाही. घरी काढलेलं कामाला येतं.

आणि एक वेगळा कागद, 'काय काय दिलं' असं लिहिलेला. हा कागद भरताना घरातल्या सगळ्यांची कबुली निघाली. भाची रोज एक मनुका देत होती. अक्काची सासू मेथीची पानं. आणि दाजी केळं. बुऱ्हाणपूर केळ्यांचा जिल्हा. दाजींचा स्वतःचा बाग आहे, आणि घरी आलेल्याला केळं न देता पाठवणं त्यांना पाप वाटतं. "रोज एवढंसंच देतो हो," ते बोटाचं पेर दाखवत म्हणाले. चिंचिलाच्या पोटाला साखर झेपत नाही. आणि गोड, मऊ खाऊन पोट भरलं की तो गवत टाकतो. त्याचे वीसच्या वीस दात आयुष्यभर वाढत असतात. ते झिजायला दिवसभर राठ गवत चघळायला लागतं. गवत सुटलं की दात झिजत नाहीत, वाढलेला दात गालाला, जिभेला टोचतो, टोचलं की गवत आणखी सुटतं. ओली हनुवटी ही त्याचीच खूण असू शकते. गवतही कुठलंही चालत नाही. बांधावरचं म्हणाल तर कपाशीवरच्या, केळीवरच्या फवारणीचं औषध त्यावर असतं. लसूणघासात चुना जास्त, मोठ्या चिंचिलाला ते रोज नको.

घरात औषधाचा डबा होता आणि त्यात कुणाच्या तरी घशाची उरलेली अमॉक्सिसिलिनची पावडर. "थोडी पाण्यातून देऊन बघू का?" असं दाजींनी विचारलं होतं. ते राहून गेलं हे त्या जनावराचं नशीब. माणसाच्या मुलाला चालणारं हे औषध पोटातून दिलं तर चिंचिलाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारून टाकतं आणि दोन-चार दिवसांत जीव जाऊ शकतो. आईचं मनेमद्दु म्हणजे हळद-ओव्याचा काढा. तोही नम्रपणे नाकारला.

सकाळी सात वाजता निघालो. गाडी आधी दहा मिनिटं एसी लावून गार केली, मग मोडूला आणलं. दवाखान्यात दोन कुत्री आणि दावणीला एक बकरी होती. आम्ही आत न जाता गाडीतच बसलो, आणि नंबर आला तेव्हा खोक्यावर ओढणी टाकून सरळ टेबलापर्यंत गेलो. कुत्र्याचं भुंकणं आणि वास, दोन्हीने याची छाती धडधडते.

डॉक्टरीणबाईंनी आधी भाचीलाच विचारलं, "तू कशी उचलतेस, दाखव." हे विचारणं महत्त्वाचं होतं. चिंचिलाला मानेच्या कातडीला धरून उचललं की लोकरीचा अख्खा पुंजका हातात राहतो आणि तो निसटतो. रानात शिकाऱ्याच्या तोंडातून सुटण्याची त्याची ही युक्ती आहे. भाचीने एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली घालून त्याला पोटाशी धरलं. बाईंनी वजन घेतलं: ४६६. पुढचे दात पाहिले. ते नारिंगी-पिवळे होते. अक्का कसनुशी झाली, "रोज घासून देऊ का हो?" बाई हसल्या. चिंचिलाचे पुढचे दात पिवळे असणं हेच निरोगी. पांढरे पडले तर काळजी. मग डोळे, कान, तळपाय, पोट हाताने चाचपून, छाती ऐकून. दाढा मात्र त्या लहानशा तोंडात, जाग्या जनावरात नीट दिसत नाहीत. कानात बघायच्या दिव्याने त्यांनी जेवढं दिसतं तेवढं पाहिलं आणि म्हणाल्या, "डावीकडे खाली टोक आलेलं वाटतं. खात्री करायला एक्स-रे आणि थोडी भूल लागेल. ते मी इथे करणार नाही. इंदूरला जा. पण आज नाही, आणि दुपारी तर नाहीच."

इंदूर तिथून दीड-पावणेदोनशे किलोमीटर. तीन दिवसांनी, पहाटे तीनला निघून दाजी आणि भाची गेले. तोवर भिजवलेल्या गोळ्यांचं पातळ पिठलं डॉक्टरीणबाईंनी दाखवल्याप्रमाणे सिरिंजने दर चार तासांनी भरवायचं होतं. एका बाजूने, थोडं थोडं, गिळल्यावर पुढचं. घाई केली तर श्वासनलिकेत जातं. रात्रीची पाळी आईने घेतली. 'इलि' म्हणणारी बाई मांडीवर पंचा अंथरून पहाटे दोन वाजता त्याला कानडीत समजावत बसलेली मी पाहिली.

इंदूरला दाढेचं टोक भुलीखाली घासलं. तिथल्या डॉक्टरांनी हेही सांगितलं की हे दुखणं पुन्हा उद्भवू शकतं, दर काही महिन्यांनी बघावं लागेल. भाचीने ते वहीत लिहून घेतलं. जाताना त्यांनी पावतीबद्दल विचारलं. रानटी चिंचिला हा आंतरराष्ट्रीय करारात सर्वाधिक संरक्षित यादीत आहे. पाळीव वाणाला त्यातून सूट आहे, पण आपल्याकडे २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याचे परदेशी प्राण्यांबाबतचे नियम कडक झालेत, तेव्हा तो कुठून आला याचा कागद घरात असावा. दाजींनी मुंबईला फोन करून तो मागवला.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही कुंडी भंडारा पाहायला गेलो. १६१५ च्या सुमाराला, खानखाना अब्दुर्रहीमच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणलं, त्या बोगद्यांवर ओळीने शंभराहून अधिक विहिरींसारख्या कुंड्या आहेत. ही इराणी पद्धत. वर रणरणतं ऊन आणि कुंडीच्या तोंडाशी वाकलं की खालून गार वाफ अंगावर येते. भाची बराच वेळ वाकून उभी होती. "मावशी, मोडूला इथे ठेवता आलं असतं ना?" मी म्हटलं, ओल फार आहे गं खाली, लोकर कुजेल. ती म्हणाली, "हो. गारही पाहिजे आणि कोरडंही पाहिजे. चिलीलाच पाहिजे." मग काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने दाजींना सांगितलं की याच्यानंतर दुसरा आणायचा नाही, आणि याला मात्र एसी बंद करायचा नाही, तिच्या खोलीतला काढून तिथे लावला तरी चालेल.

आता वैशाख चालू आहे. बेळगावात आई रात्री साडेनऊला अक्काला फोन लावते. जावई कसे आहेत, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत, वीज गेली होती का, हे सगळं नंतर. आधी भाचीला बोलावते आणि विचारते, "तूक एष्टु?" भाचीला एवढं कानडी आता पाठ झालंय. रविवारी तिने सांगितलं, नानूरा तोंबत्तेंटु. चारशे अठ्ठ्याण्णव.